टायर मोठा, मीटर खोटा

शिरूर असो की दौंड, टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाचे दोन प्रश्न ठरलेले असतात: केवढ्याला पडेल आणि किती चालेल. या टायरने माझ्या मीटरचे काय होईल, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘काय होत नाही, बिनधास्त टाका’ एवढ्यावर विषय मिटतो. बऱ्याचदा खरोखरच काही होत नाही. पण होते तेव्हा काटा ८० वर असतो आणि गाडी ८३ ने पळत असते, रनिंग कमी पडते, ॲव्हरेज घसरल्यासारखे दिसते आणि शिव्या पेट्रोल पंपवाल्याला बसतात.

आपल्या भागात मोठ्या टायरची ओढ ही नुसती हौस नाही. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. रस्त्याला चाकोऱ्या पडतात, साइडपट्टी खचते. वस्तीवर जाणाऱ्या कच्च्या वाटेवर गाडीचे पोट घासते ते वेगळेच. मग वाटते, टायर जरा मोठे टाकले तर गाडी उंच होईल. होते, किती होते ते पुढे बघूच.

आधी मीटरचे काम समजून घेऊ. मीटरला रस्ता दिसत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून निघालेली केबल डायलमागचे चुंबक फिरवायची. त्या चुंबकाच्या ओढीने धातूची छोटी वाटी आणि तिच्याबरोबर काटा सरकायचा. ओट्टो शुल्झे या जर्मन माणसाने १९०२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले आणि ती जगभर पुढची कित्येक दशके चालली. आता केबल गेली. गिअरबॉक्सवरचा किंवा एबीएससाठी चाकाजवळ बसवलेला सेन्सर फेरे मोजतो आणि गाडीतला संगणक त्यावरून वेग काढतो. गृहीतक मात्र तेच राहिले: एका फेऱ्यात गाडी अमुक इतके अंतर कापते. हा आकडा कारखान्यातच, कंपनीच्या टायरप्रमाणे भरलेला असतो. तुम्ही टायर बदललात हे गाडीला कोणी कळवत नाही.

आता टायरच्या अंगावर काय लिहिले आहे ते वाचा. समजा १८५/६५ आर १५ लिहिले आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नव्हेत. रिमपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब वहीच्या एका कोपऱ्यात मावतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, ते रिमच्या वर आणि खाली असे दोनदा धरून २४०.५. एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर. नव्या मापाचा व्यास असाच काढा, दोघांतला फरक जुन्या व्यासाने भागा, शंभरने गुणा. जेवढे टक्के येतील तेवढाच मीटरमधला फरक. परीघ काढत बसायची गरज नाही.

या हिशेबाने ‘मोठी रिम म्हणजे मोठे चाक’ हा समज लगेच निघून जातो. मारुती स्विफ्टच्या खालच्या प्रकारांत १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्या प्रकारांत १८५/६५ आर १५. रिम एक इंचाने वाढली, टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला. पण पहिल्याचा व्यास ६१९.६ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१.५. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही. रांजणगावच्या कारखान्यात तयार होणाऱ्या जीप कंपासचेही असेच आहे. २२५/६० आर १७ आणि २२५/५५ आर १८ या तिच्या दोन मापांत तीन मिलिमीटरच्या आतबाहेरच फरक पडतो. रिम वाढवली की कंपनी टायरची उंची त्याच प्रमाणात कमी करते आणि मीटरला धक्का लावत नाही. तुम्हाला अलॉय टाकायचेच असतील तर ही रीत उचला. स्विफ्टला १९५/५५ आर १६ बसवले तर व्यास ६२०.९ येतो, म्हणजे जवळपास मुळाइतकाच. गाडी देखणी दिसेल आणि मीटर जागेवर राहील. टायरची उंची कमी झाल्याने खड्ड्यांचे हादरे मात्र जास्त लागतील आणि एखाद्या खोल खड्ड्यात रिमलाच पोचा येईल. न्हावरे रस्त्यावर रोजचे जाणे-येणे असलेल्याला मी हा सल्ला देणार नाही.

खरी गडबड होते ती रिम तीच ठेवून टायर फुगवला की. आपल्याकडे बोलेरो गावागणिक आहे. तिचे माप २१५/७५ आर १५, व्यास ७०३.५ मिलिमीटर. त्याच रिमवर २३५/७५ आर १५ चढवतात. दिसायला गाडी दांडगी होते. व्यास होतो ७३३.५, म्हणजे सव्वाचार टक्क्यांहून थोडा जास्त. पोटाची उंची किती वाढली? व्यास वाढला त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिलिमीटर. दीड सेंटीमीटरसाठी मीटर सव्वाचार टक्के खोटा झाला, चाक जड झाले, पिकअप मंदावला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला घासतो की काय ही धास्ती कायमची लागली. स्विफ्टला १८५ काढून २०५/६५ आर १५ टाकले तरी तेच: ४.२ टक्के, आणि उंची वाढली १३ मिलिमीटर. रुबाबासाठी टाकत असाल तर तसे म्हणा, खड्ड्यांचे नाव पुढे करू नका.

इथे एक गोष्ट लोकांना फसवते. कंपनीचा मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांपैकी ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालेल, पण खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर चार किलोमीटर, एवढ्या मर्यादेत. म्हणजे गाडी खरोखर ८० ने चालली असताना मीटर ९२ पर्यंत दाखवू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक गाड्या दोन-चार किलोमीटर जास्त दाखवतात. आता बोलेरोवाला मोठे टायर टाकतो, मोबाइलवर वेग तपासतो आणि खूश होतो: ‘आधी मीटर पाच टक्के जास्त दाखवायचा, आता तंतोतंत जुळतो.’ जुळतो खरा. पण कंपनीने त्याच्या बाजूने जे माप जास्त ठेवले होते ते संपले. आणि ज्याचा मीटर मुळात दोनच टक्के जास्त दाखवत होता, त्याचे गणित पाहा. आधी काट्यावर १०० असताना गाडी ९८ ने चालायची, आता १०२ ने चालते. काटा कमी दाखवू लागला.

वेगाचा काटा आणि किलोमीटरचे रनिंग या दोन्हींना एकाच सेन्सरचे फेरे मिळतात, पण दोघांचे माप सारखे नसते. जास्त दाखवण्याची तजवीज फक्त काट्यात असते, रनिंग बहुधा खऱ्याच्या बरेच जवळ असते. त्यामुळे काटा जुळला म्हणून रनिंग जुळले असे होत नाही. उलट ते सव्वाचार टक्क्यांनी मागे पडते. मीटरवर १०,००० किलोमीटर झाले तेव्हा गाडी १०,४०० च्या वर चाललेली असते. सर्व्हिसिंग उशिरा होते. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी कागदावर १९.२ देते आणि माणूस इंजिन उघडायला निघतो.

ज्यांच्या गाड्या रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत किलोमीटरवर लावलेल्या आहेत, त्यांनी हा हिशेब जास्त मनावर घ्यावा. समजा गाडी महिन्याला खरी ३,००० किलोमीटर चालते आणि दर किलोमीटरला १२ रुपये आहे. मोठ्या टायरवर मीटर सुमारे २,८७६ किलोमीटर दाखवेल. १२४ किलोमीटरचे जवळपास दीड हजार रुपये दर महिन्याला बुडाले. टायर लहान टाकला तर उलटे होते आणि ते पैसे गाडी लावणाऱ्याच्या खिशातून जातात. भाड्याच्या रिक्षा-टॅक्सीचा मीटर वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून, सील करून घ्यावा लागतो तो काही उगाच नाही. कंपनीला लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे रनिंग मात्र दोन्हीकडून विश्वासावरच चालते.

लहान टायर बहुधा स्वस्ताईच्या नादात येतो. १६५/८० आर १४ मिळाला नाही म्हणून १७५/६५ आर १४ बसवला. रुंदीचा आकडा वाढला म्हणून गिऱ्हाईक समाधानी. व्यास ५८३ मिलिमीटरवर आला, जवळपास सहा टक्के कमी. दंडाची भीती नाही, कारण काटा आता आणखीच जास्त दाखवणार. पण गाडीचे पोट १८ मिलिमीटर खाली आले आणि न धावलेले किलोमीटर मीटरवर चढत गेले. उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा तेच रनिंग तुमचा भाव पाडेल.

माप न बदलताही फरक पडतो, तोही माहीत असावा. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. मोटारीच्या टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. या काळात व्यास पावणेतेरा मिलिमीटरने घटतो, स्विफ्टच्या चाकाला हे दोन टक्के झाले. म्हणून त्याच मापाचे कोरे टायर टाकल्यावर पहिल्याच टाकीला ॲव्हरेज थोडे उतरलेले दिसते. त्यातला काही भाग निव्वळ मीटरचा असतो. हवेचा परिणाम लोक समजतात त्याहून कमी. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचा पट्टा असतो, तो सहज आवळत नाही. हवा कमी झाल्याने मीटर फार चुकत नाही. टायर गरम होऊन फुटायचा धोका मात्र वाढतो आणि तो कितीतरी गंभीर आहे.

दौंडकरांना हे सगळे नवे वाटू नये, कारण गावात रेल्वे आहे. डब्ल्यूएपी-७ किंवा डब्ल्यूएजी-९ इंजिनाचे कोरे चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचे असते आणि झिजत, खरादत १,०१६ पर्यंत आले की बाद होते. हा फरक सात टक्के आहे. चाक खरादले की नवा व्यास इंजिनाच्या वेगमापकात भरतात. तसे केले नाही तर मापक १०० दाखवेल तेव्हा गाडी ९३ नेच चाललेली असेल. आपल्या मोटारीत अशी सोय बहुतेक वेळा नसते, म्हणून निदान माप तपासायचे काम आपल्याकडे येते.

तपासणीसाठी पुणे-सोलापूर महामार्गावरचा यवत ते पाटस हा पट्टा सोयीचा. चौपदरी, मध्ये दुभाजक आणि बराचसा सपाट. भांडगाव, चौफुला, वरवंड या गावांजवळ मात्र रस्ता ओलांडणारी माणसे आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या असतात, तिथे प्रयोग थांबवायचा. सकाळी लवकर निघा. पुणे-नगर रस्त्यावर कारेगाव-रांजणगावच्या बाजूला शिफ्ट सुटायच्या वेळी असला खटाटोप करू नका. तिथे कंटेनर आणि कंपन्यांच्या बसच एवढ्या असतात की एकसारखा वेग मिळणारच नाही. शेजारी कोणीतरी बसवा. मोबाइल त्याच्या हातात, तुमची नजर रस्त्यावर.

मोबाइलमध्ये जीपीएसवर वेग दाखवणारे कोणतेही ॲप चालते. काटा ६० वर नेऊन दहा-पंधरा सेकंद स्थिर ठेवा, मग शेजाऱ्याने आकडा वाचावा. वेग वाढत किंवा कमी होत असताना जीपीएस मागे पडते, तो आकडा धरू नका. दाट झाडीत आणि पुलाखालीही तेच. मग ८० वर हेच करा. दोन-तीनदा सारखा आकडा आला की लिहून ठेवा. टायर बदलायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असे दोन्ही आकडे हवेत. एकच आकडा घेऊन कंपनीच्या मीटरचा फरक किती आणि टायरचा किती, हे कळणार नाही.

रनिंग तपासायला रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड घ्या. राष्ट्रीय महामार्गावर त्यांचा माथा पिवळा असतो. एका दगडाशी ट्रिप मीटर शून्य करा आणि दहा दगड मोजा. ट्रिप मीटर शंभर मीटरच्या टप्प्याने वाढतो, त्यामुळे दहा किलोमीटरला एक टक्क्यापर्यंत फसगत होऊ शकते. वीस घेतले तर निम्मी. रस्ता रुंद करताना किंवा बाह्यवळण काढताना एखादा दगड सरकलेला असतो, म्हणून एका किलोमीटरवरून निकाल देऊ नका. घड्याळ लावायचे असेल तर ३,६०० ला सेकंदांनी भागा: दोन दगडांमध्ये ४५ सेकंद लागले तर वेग ८०, ५० लागले तर ७२.

महामार्गावर जायचे नसेल तर अंगणातही काम होते. चारही चाकांत हवा नेमकी भरा. चालकाच्या जागी माणूस बसू द्या. पुढच्या चाकाचा हवा भरायचा वॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि त्याच्या समोर फरशीवर खडूची रेघ मारा. गाडी सरळ, हळू पुढे घ्या. चाकाचे पाच फेरे पूर्ण होऊन वॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ. मधले अंतर टेपने मोजा. १८५/६५ आर १५ ला ते साडेनऊ मीटरच्या आसपास भरेल. २०५/६५ ला पावणेदहा मीटरच्या वर, म्हणजे जवळपास हातभर जास्त. टायर वजनाखाली दबतो, म्हणून कागदावरच्या परिघापेक्षा हे माप थोडे कमीच येते. घाबरू नका, आपल्याला दोन टायरमधला फरक हवा आहे.

मर्यादा कुठे मानायची? माझ्या मते दोन टक्के. नव्या-जुन्या टायरमध्ये तेवढा फरक पडतोच आणि कंपनीने तो धरलेला असतो. तीनच्या पुढे गेलात तर काट्याची जास्तीची बाजू संपत आली असे समजा. १ जुलै २०१९ पासून तयार झालेल्या मोटारींत ८० च्या वर टिक-टिक आणि १२० च्या वर सलग वाजणारी सूचना असते. तीही याच फेऱ्यांवर विसंबून, म्हणजे मोठ्या टायरवर उशिरा वाजणार. महामार्ग पोलिसांची स्पीड गन तुमच्या डॅशबोर्डकडे बघत नाही, ती गाडीचा खरा वेग धरते. वेगमर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि ‘मीटरवर ऐंशीच होते’ हे उत्तर ई-चलानाला चालत नाही. नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीने दिलेले माप हा सगळ्यात बिनघोर रस्ता. ते माप ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात सापडते.

दुकानात उभे असताना आणखी दोन-तीन गोष्टी बघा. मापाच्या पुढे, उदाहरणार्थ ८८ एच, असे काही लिहिलेले असते. आकडा वजन पेलण्याचा, अक्षर वेगाचे. यांपैकी एकही मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नका, विशेषतः गाडीत माणसांपेक्षा पोती जास्त बसत असतील तर. एकाच एक्सलवर दोन मापांचे टायर कधीच नको. फोर बाय फोर गाडीत चारही सारखे हवेत, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक ट्रान्सफर केसवर निघतो. आणि स्टेपनी! चार टायर मोठे टाकून पाचवा जुन्याच मापाचा ठेवलेल्या गाड्या जागोजागी दिसतात. पंक्चर झाले की वेगळ्या व्यासाचे एक चाक घेऊन त्यांचे मालक घरापर्यंत येतात आणि एबीएसचा दिवा लागला की सेन्सर बदलायला निघतात. बिलावर टायरचे पूर्ण माप लिहून घ्या, पुढच्या वेळी ‘कोणते होते हो’ हा प्रश्न उरत नाही.

मीटर दुरुस्त होतो का, असे बरेच जण विचारतात. काही गाड्यांत सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर लावून टायरचे माप बदलता येते, पण यादीत बहुधा कंपनीने त्या मॉडेलला दिलेलीच मापे असतात. २३५ वगैरे त्यात नसणार. बाहेर कोणी ‘मीटर सेट करून देतो’ म्हणाला तर नीट विचारा, कारण रनिंग मागे फिरवणारी माणसेही हीच भाषा बोलतात. टायर आधीच टाकून झाले असतील आणि लगेच बदलणे परवडत नसेल, तर यवत-पाटसच्या चाचणीत काटा ८० वर असताना मोबाइलवर आलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगमागे चिकटवा आणि नक्षी संपेपर्यंत तोच खरा वेग धरून गाडी चालवा.